सतरा बाय अकरा इंचाचा डाग

सगळ्या कोल्हापुरात माझ्याएवढ्या सफाईनं रंग देणारा दुसरा मानूस न्हवता. हे म्हननारा मी एकटाच व्हतो, आन ज्यांच्या घरी मी रंग दिला ती मानसं माझ्या मागनं आठ-आठ दिवस फरशी खरवडत बसायची.

शाळा मी आतनं बघितलीय, पन रंगवायला गेलतो म्हनून. चार वर्गांचे फळे काळे केले. असे चकाचक झाले की भांग पाडून घ्यावा. मास्तर म्हनले, "अरे, ह्यावर खडू उठत न्हाय." मी ऑइल पेंट मारलाता. त्या वर्षी त्या पोरांना माझ्याएवढंच शिक्षन मिळालं.

तर सायबांचं सांगतो. शाहूपुरीत आतल्या गल्लीला त्येंचं घर. खाली दोन खोल्या, मागं सैपाकघर, वर गच्ची, आन एवढ्या सगळ्यात मानूस एक. जमीन मोजनीच्या खात्यात सगळी नोकरी झालेली, आता पेन्शन. गल्लीतली लोकं त्येंना माघारी 'टेप' म्हनायची. मी सायब म्हनायचो. मला त्येंच्या टेपावरचे आकडेबी वाचता येत न्हवते, मग नाव ठेवायला कुठल्या तोंडानं जायचं?

त्येंच्या पुढं 'थोडं' म्हनायची सोय न्हवती. पैल्या दिवशी मी म्हनलं, "सायब, चार दिसांत उरकतो."

"चौथ्या दिवशी किती वाजता?"

"सांजच्याला."

"सांजच्याला म्हणजे दिवे लागण्यापूर्वी की नंतर?"

मग त्येंनी मला भितीला टेकवून उभं केलं आन हात वर कराय लावला. हात कुठवर पोचतोय ते मोजलं. म्हनले, "वरचे तीन फूट तुम्हाला घडवंची लागेल." मला वाटलं शर्ट शिवत्यात.

आन बोलनं सगळ्यांस्नी अहो-जाहो. मला तर तुम्ही म्हनायचेच, पन दूधवाल्याची म्हस दारात आडवी आली तर तिलाबी म्हनायचे, "बाजूला होता का?" म्हस व्हायची की बाजूला! आमच्या घरी मी वरडून घसा फोडला तरी मांजार हालत न्हवतं.

रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत जायचे. पत्र टाकायला न्हाय, नुसतं जाऊन माघारी यायचे. एकदा मला म्हनले, "दोनशे बारा पावलं. गेल्या वर्षी दोनशे पाच होती."

मी म्हनलं, "पेटी सरकवली काय त्येंनी?"

"पेटी तिथंच आहे. पाऊल आखूड झालं."

मी हसलो. ते हसले न्हाईत, तवा मीबी थांबलो.

चहाचं तर न्यारंच. दोन कप चहा करायचे. एक प्यायचे, दुसरा झाकून ठेवायचे, निवला की मोरीत ओतायचे. आधनाचं भांडं दोन कपांच्या मापाचं व्हतं, बायको असल्यापासनं तेच. ती जाऊन पाच वर्सं झालती, पन माप बदलायचं म्हंजे सगळंच बदलायला लागतंय म्हनायचे. मी कामाला लागल्यावर दुसरा कप मला मिळाय लागला. मी गल्लीत सांगत सुटलो, "सायब मला पावन्यासारखं वागवत्यात." खरं बगितलं तर मी मोरीच्या बदलीवर आलतो.

म्होरच्या खोलीत त्यो गालिचा. तांबडा, कडंनं हिरवी येल, चार कोपऱ्यात चार पोपट. सायब त्यावर पाय देत न्हवते. खोलीतनं जायचं तर भितीला घसटून, कडंकडंनं जायचे. मला वाटलं मोठ्या किमतीचा असंल. तर म्हनले, "मिसेसनी आणला. भिशी लागली होती त्यांना. दुपारी मुलीला घेऊन यावरच झोपायच्या." बायकोलाबी अहो-जाहो.

रंग द्यायच्या आदी ते म्हनले, "हा उचलून आत ठेवू." आता त्या गालिच्याच्या एका कडंवर सागवानी कपाट उभं. कपाट काढायचं म्हंजे आतलं सामान काढायचं, सामान काढायचं म्हंजे कंबर मोडायची. मी म्हनलं, "सायब, कशाला? वर पेपर पसरतो. माझ्या हातनं आजवर थेंब सांडलेला न्हाय."

हे बोलताना माझ्या पायात जी वहान व्हती ती मूळची कुठल्या रंगाची व्हती ते मलाबी आठवत न्हवतं.

तिसऱ्या दिवशी खिडक्या धरल्या. मोरपंखी रंग, सायबांनी सोता निवडलेला. घडवंचीवर चढलो, वरची चौकट मारली, डबा वरच्याच फळीवर ठेवला आन खाली उतरलो बिडी वडायला. बिडी झाल्यावर घडवंची दुसऱ्या खिडकीकडं वडली. रंगाऱ्याच्या धंद्यात पैल्या दिवशी पोरालाबी शिकवत्यात की घडवंची हलवायच्या आदी मान वर करून बगायचं. मी ती वडली, आन वरनं डबा आला. माझ्या डोस्क्यात पडला असता तर काय बिघडत न्हवतं, तिथं सांडायसारखं काय न्हवतं. पन त्यो गालिच्यावर गेला, बरोबर दोन पेपरांच्या फटीत.

मी फडकं घेतलं आन घसाघसा पुसाय लागलो. ऑइल पेंट पुसला की आत मुरतोय, पसरतोय. हे मला म्हाईत व्हतं. पन भ्यालेल्या मानसाला म्हाईत असल्यालं काय उपेगाला पडत न्हाय.

सायब सैपाकघरातनं आले. मी म्हनलं आता शिव्या पडत्यात, मग तोंड तसं करून बसलो. त्येंनी डाग बगितला, माझ्याकडं बगितलं, आत गेले आन टेप घेऊन आले. गुडघ्यावर बसले. मोजला. "लांबी सतरा. रुंदी अकरा. मधे फुगवटा." वहीत त्या डागाचा नकाशा काढला, बांधाबांधानं, आन कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणबी काढला. मग हळूच म्हनले, "आज शुक्रवार. पुढच्या रविवारला नऊ दिवस. त्या रविवारी माझी मुलगी येतेय."

मला कळंना मुलीचा आन डागाचा काय संबंध. तवा त्येंनी कपाटातनं पत्र काढलं. वाचून दावलं, कारन मला हातात दिऊन फायदा न्हवता. मुलीनं सात वर्सांमागं सोताच्या मनानं लगीन केलतं. सायबांनी तिला सांगितलंतं, ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नको. आई गेली तवाबी ती दारातनंच माघारी गेली. आता सायबांनी पैलं पत्र लिहिलं, त्याला हे उत्तर. रविवारी नवाच्या एस्टीनं येते, चारच्या एस्टीनं परत जाते. आन खाली एकच ओळ — आईचा गालिचा आहे का अजून?

"बाकी काही विचारलेलं नाही तिनं," सायब म्हनले. "तब्येतीचंसुद्धा नाही. फक्त हे." आन घडी घालताना कागद दोनदा चुकीच्या जागी दुमडला. असल्या मोजूनमापून वागनाऱ्या मानसाकडनं!

मग गल्लीत बातमी पसरली. दूधवाला म्हनला ताक लावा. लावलं, तर खोलीला आठ दिस आंबूस वास. शेजारच्या काकू म्हनल्या लिंबू आन मीठ. मी म्हनलं काकू, ह्येचं लोनचं घालायचं न्हाय. शिरोलीला माझा साडू कारखान्यात व्हता, त्येनं बाटलीत कसलं तरी वशाट वासाचं पानी आनलं. एका कोपऱ्याला थेंब टाकून बगितला, तर पोपटाची चोचच गेली. त्यो पोपट त्यानंतर बिनचोचीचाच ऱ्हायला.

दुसऱ्या दिवशी सायबांनी परत मोजलं. सतराचे एकोनीस झालते. "तुमच्या पुसण्यानं दोन इंच अतिक्रमण," म्हनले.

मग मी माझ्या बापानं शिकवल्यालं आठवलं. पुसायचं न्हाय, टिपायचं. भाईरनं आत यायचं, आतनं भाईर जायचं न्हाय. आदी चमच्याच्या पाठीनं वरचा साय धरल्याला रंग उचलायचा. मग टरपेंटाइनमध्ये फडक्याचं टोक भिजवून एक-एक लव धरायची, वर कोरडं फडकं दाबायचं, रंग फडक्यात चढला की फडकं बदलायचं. शेवटाला लाकडाचा भुसा, मग रिठ्याचं पानी. टरपेंटाइन संपलं तवा सायबांनी चहापुरतं ठेवून सोताच्या स्टोव्हचं रॉकेल दिलं. त्या वेळी रॉकेल रेशनवर. चार दिस त्येंनी थंड जेवन केलं.

सायबांनी डागावर दोरा आन टाचन्या लावून चौकोन पाडले. त्येला गट नंबर दिले. "आज गट सहा ते दहा." मी एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. पाच वर्सांत पैल्यांदा ते त्या गालिच्यावर टेकले असतील. सकाळी आठाला सुरू, मधे चहा, दुपारला भाकरी, परत सुरू.

टिपता टिपता बोलायचे. बोलायचे म्हंजे मला न्हाय, गालिच्याला. मुरगूडकडं मोजनीला जायचे तवा तंबूत ऱ्हायचे. दोन भाऊ बांधाच्या दोन बाजूला उभे, एकमेकांकडं न बगता. "मी साखळी टाकायचो, दगड रोवायचो. दगड रोवला की माझं काम संपलं. त्यांचं पुढं काय झालं, मला कधी कळलं नाही." फडकं बदललं. मग म्हनले, "मोजणी कधी चुकली नाही माझी."

मला काय तरी बोलायला पायजे व्हतं. मी म्हनलं, "सायब, गट नंबर नऊ झाला."

मला आयुष्यात जी चार-पाच वाक्यं बोलायची व्हती त्या टायमाला मी सगळीकडं असलंच बोललोय.

गुरवारी डाग गेला. खरंच गेला, मोरपंखी एक लव ऱ्हाईली न्हाय. मी उठून उभा ऱ्हायलो, छाती फुगवली, आन मागं सरून बगितलं. सायबबी मागं सरले. बगतो तर काय, मधे तांबडाजर्द, नवाकोरा, कुंकवाच्या रंगाचा एक डाग! म्हंजे तेवढाच तुकडा सोच्छ झालता. बाकीचा गालिचा धुळीनं तपकिरी झालाय हे पाच वर्सं कुनाच्या ध्यानातच आलं न्हवतं. आता डाग आदीच्यापेक्षा मोठा दिसाय लागला.

सायबांनी मोजलं. "बावीस बाय चौदा."

माझं तोंड हितं गप बसाय पायजे व्हतं. पन मी म्हनलं, "सोप्पं हाय की! सगळाच धुवून टाकू. शनवारी नदीवर न्हेतो, ऐतवारी सकाळी खडखडीत वाळतोय."

"नक्की किती वाजता वाळेल?"

"सात वाजता," मी म्हनलं. आकडा सांगितला की त्येंना बरं वाटायचं.

शनवारी कपाट काढलं, आदीच काढलं असतं तर हे पुरान घडलं नसतं. हातगाडीवर गालिचा घालून नदीला न्हेला. कोरडा व्हता तवा आमी दोघांनी उचलला. भिजल्यावर त्यो उचलंना. म्हस पान्यात बसल्यासारखा बसला. मी वडाय गेलो आन सोताच आत गेलो. घाटावरच्या बाया म्हनल्या, "ओ पावनं, गालिचा धुताय का अंघोळ?" चौघांनी मिळून गाडीवर टाकला. घरी आनून गच्चीच्या कठड्यावर घातला, आन खाली पान्याची धार लागली ती रातभर. थंडीचे दिवस, उन्हाला ताकद न्हाय.

त्या ऐतवारानंतर मी त्या घरी दोनदा गेलो. एकदा असाच गेलतो तर सायब गालिच्यावर बसले व्हते, म्हंजे आता बसाय लागले व्हते. दोन कप चहा झाला. दिवाळीला मुलगी येऊन गेली म्हनले. "तीन दिवस. एकूण एकाहत्तर तास." बाकीचं वरीस तसंच, टपालपेटीपर्यंत जायचं आन यायचं. दुसऱ्यांदा गेलतो तवा दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हनल्या, ते जाऊन झाले की दोन म्हैने, मुलगी येऊन गालिचा तेवढा घेऊन गेली. मी त्या दारात काय इचार करत उभा ऱ्हायलो म्हाईत न्हाय. दाराचा रंग पोपडे धरून उडालता, ते मातर बगितलं. माझंच काम.

पन त्यो ऐतवार.

सकाळी सहालाच मी गेलो. गालिचा वला. सात वाजता वला. सायब घड्याळ बगून म्हनले, "सात झाले." मी म्हनलं, "सायब, नवापर्यंत हुतंय." नवालाबी वलाच.

साडेनवाला खाली कडी वाजली. सायब जिना उतरले. मी वरनं कान दिऊन ऐकलं.

"आलीस?"

"हो."

"बस ना. प्रवास नीट झाला?"

"झाला."

मग सायबांचा आवाज, "आलोच मी, पाच मिनिटांत." आन ते परत गच्चीवर आले, धापा टाकत. "पेंढा घाला खाली. उलटा करा. इस्त्री आणू का?"

कोळशाची इस्त्री आनली. मी एक कोपरा दाबला. वाफ निघाली, वल काय जाईना. सायब दुसऱ्या बाजूनं पिळाय लागले. दहाला ते खाली गेले, चहा करून तिला दिला आन परत वर. अकराला खाली गेले, "भूक लागली का?" इचारलं आन परत वर. खाली मोकळ्या फरशीवर, माझ्या मोरपंखी खिडकीखाली, ती एकटी बसलेली. मी जिन्यातनं वाकून बगितलं तर तिच्या पायाची बोटं तेवढी दिसली. बोटं हलत व्हती.

बारा वाजले. मला तवाच कळलंतं. सायब गालिचा वाळवत न्हवते, ते लपले व्हते. सात वर्सांचं बोलनं कुठनं मोजायला सुरू करायचं ते त्येंना उमगत न्हवतं. माझ्यासारख्या अडान्याला जे कळलं ते सांगायला एक वाक्य लागत व्हतं. सायब, वाळूदे तिकडं, तुमी खाली जावा. पन मी म्हनलं काय? "सायब, ह्या बाजूनं धरा, जरा ताठ करू."

मधेच ते म्हनले, "रविवार आहे. तुम्हाला घरी कोणी विचारत नाही?"

मी म्हनलं, "घरी हंडा हाय, कळशी हाय आन मी हाय. तिघांत रिकामा मीच." बायको म्हायेरला जाऊन सव्वा वरीस झालतं, मी आनायला गेलो न्हवतो. ह्यो इनोद मी सगळ्यांस्नी सांगायचो, सगळी हसायची. सायबांनी फकस्त माझ्याकडं बगितलं आन गालिचा धरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? नऊ दिस कोन तरी माझी आठाला वाट बघत व्हतं. गालिचा वाळला की ते संपनार व्हतं. मग मी कशाला घाई करतोय?

दोन वाजायला आले तवा जिन्यात पाय वाजले. ती वर आली. तिशीची बाई, कपाळाला आठी, नाक सायबांचं. दोन्ही हातांनी इस्त्री धरल्याला मी, आन कठड्याला लोंबकाळल्याले तिचे वडील, असं तिनं बगितलं.

"बाबा, काय चाललंय?"

सायब म्हनले, "तू विचारलं होतंस ना पत्रात. गालिचा. तो आहे. ओला आहे जरा." जन्मात पैल्यांदा मी त्येंच्या तोंडातनं 'जरा' ऐकलं.

ती म्हनली, "बाबा, तुम्ही कसे आहात हे लिहायला हात उठला नाही माझा. चार कागद फाडले. मग गालिचा लिहिलं."

सायबांनी गालिचा सोडला. त्येंचे हात पान्यानं पांढरे पडलेले, ते त्येंनी धोतराला पुसले, परत पुसले. कुठं ठेवायचे ते कळंना म्हनून तसेच म्होरं धरून उभे ऱ्हायले. चारच्या एस्टीला दोन तास उरले व्हते.

हितं तरी मी इस्त्री ठेवून जिना उतरायला पायजे व्हता. पन नऊ दिसांच्या कामाला कोन तरी बरं म्हनावं असं मला वाटलं. मी दात काढले आन म्हनलं, "ताई, डाग कुठं पडलाता ते वळखून दावा बगू! न्हाय सापडनार! आन अर्ध्या तासात वाळतोय, तवर सायब, तुमी ही कड धरा..."

ती वळली. माझ्या हातातली इस्त्री काढून तिनं खाली ठेवली.

"ओ पेंटर, तुमची घरी कोणी वाट बघत नसेल, म्हणून माझ्या बापाला इथं अडकवून ठेवू नका. निघा आता."